बारा पडले

रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून एका लग्नपत्रिकेतला 'आशिर्वाद' दुरुस्त करत होतो ('शी' दीर्घ), तेव्हा अनिमेषचा फोन आला. त्याने एक काम दिले आहे. त्यात माझ्याकडून चुका होणार. कोणती चूक कधी झाली हे कुठेतरी लिहिलेले असावे म्हणून ही वही.

अनिमेष ठाण्याला नौपाड्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी नेहमी छपाईला येणारी संचिता त्याला आमच्या कोपरच्या डीटीपीच्या दुकानात घेऊन आली होती. त्याला एका खेळाची पाने छापून हवी होती. त्यात सगळीकडे 'मुर्च्छित' होते. मी विचारले, "मू दीर्घ करू का?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू रविवारी काय करतोस?"

तेव्हापासून दर रविवारी त्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघे खेळायचो. मी, तो, संचिता आणि कल्याणचा कुंडलिक, जो लिफ्ट दुरुस्त करतो. खेळ असा की एक जण सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र घेतात. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपले पात्र काय करते ते आपण सांगायचे, आणि जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ऐकायला सोपे आहे. पण नियमांचे पुस्तक इंग्रजी, चारशे सोळा पानांचे. वारा, अंधार, जखम, ओझे, सगळ्याचे वेगळे कोष्टक. एका मारामारीला एक तास वीस मिनिटे लागायची आणि सगळी बेरीज-वजाबाकी अनिमेष तोंडी करायचा.

नोव्हेंबरपासून तो रुग्णालयात आहे. रक्ताचा आजार. जंतुसंसर्ग होईल म्हणून कोणाला भेटू देत नाहीत.

आज म्हणाला, "संद्या, सहा वर्षं मीच खेळ चालवतोय. मला एकदा खेळायचंय. आता तू चालव."

"मी? अरे, मी अकरावी सोडलेला माणूस. सुट्टे मोजताना मला घाम येतो."

"मोजायचं नाहीच तुला. पटावर खेळू. मोजणं तो करतो."

पट म्हणजे एक संकेतस्थळ. (सारीपाटातला 'पाट' की बुद्धिबळाचा 'पट'? मी 'पट' धरले आहे.) नकाशा सगळ्यांच्या पडद्यावर एकदम दिसतो, त्यावर सोंगट्या सरकतात, फासाही तिथेच पडतो. खाते अनिमेषच्या नावाचे आहे. त्याने मला निमंत्रण पाठवून 'सूत्रधार' केले. स्वतःला 'खेळाडू' केले असेलच. मी विचारले नाही.

मी हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही.

रविवार, १९ जानेवारी

मालक दौलतदादांनी रविवारी दुकानाचा संगणक वापरायला परवानगी दिली. म्हणाले, "पंखा नको लावू फक्त." घरी, दिवा स्टेशनजवळ, आईच्या शिवणयंत्राचा आवाज आणि पाण्याच्या टँकरची भांडणे, तिथे जमले नसते.

आज पट शिकलो. चार तास दहा मिनिटे. नकाशावर भिंती आखायच्या. मग सोंगटीला जेवढे दिसायला हवे तेवढेच दिसते, बाकी सगळे धुक्यात. कंदील दिला की त्याच्या उजेडापुरते धुके सरते. पुस्तकातली सगळी कोष्टके पटाच्या पोटात आहेत. मी 'वार' असे बटण दाबतो आणि तो वारा, अंधार, चिलखत सगळे धरून आकडा देतो. जीव कमी झाला की सोंगटीवरची हिरवी पट्टी आपोआप आखडते. चारशे सोळा पानांपैकी मला आता फक्त अकरा पाने पाठ करावी लागतील.

एक बटण 'लपवा' असे आहे. ते दाबून टाकलेला फासा फक्त सूत्रधाराला दिसतो.

अनिमेषच्या खेळाचा एक कागद आहे, मीच लॅमिनेट करून दिलेला. वर लिहिले आहे: सूत्रधाराने काहीही लपवावे. फासा खोटा सांगू नये.

रविवार, २६ जानेवारी

पहिला खेळ. दुपारी ४ ते ६.०५. मारामारी बावीस मिनिटांत संपली! टेबलावर एक तास वीस मिनिटे लागली असती. लिहून ठेवतो.

खेळ अनिमेषच्याच जुन्या जगात आहे. खाडी, मिठागरे, बुडालेले बंदर आणि खाडीच्या तोंडाशी एक दीपस्तंभ, जो खूप वर्षे विझलेला आहे. अनिमेषने भरतू तांडेल नावाचा म्हातारा होडीवाला घेतला आहे. त्याला एकच गोष्ट करायची आहे, तो दिवा पेटवायचा. कुंडलिकचा पहिलवान, संचिताची वैदू, हे त्याच्याबरोबर.

कुंडलिक एका इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीतून मोबाइलवर खेळत होता. म्हणाला, "टेबलावर माझा नंबर येईस्तोवर माझी झोप व्हायची. ह्या पटावर साला चहा प्यायला पण टाइम नाय."

संचिता म्हणाली, "टेबलावर काकूंची साबुदाणा खिचडी असायची, ती पण नाही पटावर." (काकू म्हणजे अनिमेषची आई.)

अनिमेष हसला. हसल्यावर बराच वेळ खोकला.

माझी अडचण अशी. गणित पट करतो, मला फक्त बोलायचे असते. आणि बोलणेच मला येत नाही. मी सगळे आधी लिहून नेले होते आणि वाचत होतो. अनिमेष म्हणाला, "वाचू नकोस रे, सांग."

रविवार, ९ फेब्रुवारी

आज चूक केली. चूक नव्हे, मुद्दाम केले. खरे लिहितो.

भरतूला मिठागरात भाला लागला आणि त्याचा जीव शून्यावर आला. अशा वेळी सूत्रधाराने लपवून फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर माणूस मूर्च्छित, म्हणजे वाचला. खाली पडले तर गेला. मी 'लपवा' दाबून टाकला. सहा पडले.

अनिमेषने विचारले, "किती?"

कॅमेऱ्यात त्याच्या हाताला सलाईन लावलेली होती. टोपी घातली होती, केस गेलेत म्हणून.

मी म्हणालो, "बारा. बारा पडले."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बारा? बरं. बारा तर बारा."

कोणालाही कळले नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

अनिमेषच्या आईचा, सुहासिनीकाकूंचा फोन. प्लेटलेट्स अठरा हजारांवरून एकतीस हजारांवर आल्या. याचा आणि कालच्या फाशाचा काही संबंध नाही. मी फक्त नोंद करतो. ९ तारखेला भरतू वाचला, १० तारखेला प्लेटलेट्स वाढल्या.

काकू म्हणाल्या, "आणखीही काही रिपोर्ट आहेत, ते तितकेसे बरे नाहीत. पण त्याला काही बोलू नकोस हं, संदेश. आम्ही सगळे त्याला छान आहेत असंच सांगतोय."

मी म्हणालो, "नाही काकू, नाही बोलणार."

रविवार, २ मार्च

मधले दोन रविवार त्याला ताप होता, खेळ नव्हता. त्या वेळात मी नकाशा वाढवला. दीपस्तंभ जवळच आला होता, म्हणून मध्ये दोन बेटे टाकली. घाई कशाला.

आज भरतू पुन्हा शून्यावर. लपवून टाकला, तीन पडले. म्हणालो, बारा.

नंतर अनिमेषने विचारले, "संद्या, दीपस्तंभ किती लांब आहे रे अजून?"

"आहे थोडा. मधल्या दुसऱ्या बेटाचं काम चालू आहे. त्यावर एक पडकी जकात-चौकी आहे, तिच्या खिडक्यांतून खरा उजेड येतो बघ, मी प्रत्येक खिडकी वेगळी आखली आहे."

"किती खिडक्या?"

"चौदा."

"वा," तो म्हणाला. "चौदा खिडक्या."

मंगळवारी रिपोर्ट कळेल.

मंगळवार, ४ मार्च

एकोणतीस हजार. फार कमी झाल्या नाहीत. तीन पडूनही.

रविवार, १६ मार्च

अनिमेषचा आवाज अगदी बारीक झाला आहे. आज तो बराचसा टाइप करून खेळला. पटाचा हाही एक फायदा, टेबलावर टाइप करून खेळता आले नसते. जकात-चौकीत चौदा खिडक्यांच्या उजेडात भरतू चालत होता तेव्हा फार छान दिसत होते. मग चौकीच्या पहारेकऱ्यांनी त्याला घेरले.

लपवून टाकला. एक पडला. एकापेक्षा खाली काही नसते.

"बारा," मी म्हणालो.

कुंडलिक म्हणाला, "काय रे संदेश, तुझा फासा बाराच्या पुढं जातच नाय काय? अडकला असंल लिफ्टसारखा. मी येऊन बघू?"

संचिता हसली. अनिमेष हसला नाही. त्याने टाइप केले, "लिफ्ट बरोबर आहे. माणूस घाबरतोय."

मला वाटते तो भरतूबद्दल बोलत होता. मी म्हणालो की भरतू शूर आहे, त्याला घाबरायचे कारण नाही.

शनिवार, २२ मार्च

फार चांगली बातमी. अनिमेषला घरी आणले! काकूंचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवण्याची गरज नाही, घरी न्या, त्याला आवडेल ते खायला द्या. आणि कोणालाही भेटायला येऊ द्या. म्हणजे जंतुसंसर्गाची भीती गेली. काकू बोलताना मध्येच थांबल्या, चार महिन्यांच्या धावपळीने दमल्या असतील.

आईला सांगितले. आईने शिवणयंत्र थांबवले आणि विचारले, "घरी न्या म्हणाले? असंच म्हणाले?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग तू जाऊन ये, बाबा. उद्याच जा."

उद्या कसे जाणार? पाडव्याच्या खेळाचा नकाशा बाकी आहे.

गुरुवार, २७ मार्च

अनिमेषचा फोन. एकेक शब्द थांबून बोलत होता.

"पाडव्याला इकडेच या ना सगळे. टेबलावर खेळू. जुन्यासारखं."

मी गडबडलो. दीपस्तंभाच्या पायऱ्या, भिंती, पाण्यातले जनावर, त्याची सगळी ताकद पटावर भरून झाली होती. सहा दिवसांचे काम. टेबलावर ते काही आले नसते.

मी म्हणालो, "टेबलावर मला जमणार नाही रे. बेरीज कोण करणार? तिथे सगळे माझ्याकडे बघत बसतील. पटावर कसं सोपं जातं."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," म्हणाला. "पटावरच. पण या वेळी दीपस्तंभ. मध्ये बेट नको."

"नाही, या वेळी दीपस्तंभच."

"वचन?"

"वचन." (फोन ठेवल्यावर नकाशातले तिसरे बेट पुसून टाकले.)

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

खेळ ४.१५ ला सुरू. सकाळच्या शोभायात्रेतले एक ढोलपथक संचिताच्या इमारतीखाली अजून वाजवत होते, तिला सारखा माइक बंद करावा लागत होता.

५.२० ला भरतू दीपस्तंभाच्या वरच्या खोलीत पोचला. तेल ओतले. काडी ओढणार तेवढ्यात पाण्यातले जनावर खिडकीतून आले. पटाने आकडा दिला. भरतूची हिरवी पट्टी संपली.

मी 'लपवा' वर बाण नेला.

अनिमेष बोलला. टाइप नाही, बोलला. "उघडा टाक."

"नियम लपवून टाकायचा आहे. तूच लिहिला आहेस."

"माझा नियम आहे ना. मोडतो. उघडा टाक, सगळ्यांना दिसेल असा."

"कशाला पण? अनिमेष, नको. लपवूनच—"

"संद्या." तो थांबला. कोणीतरी त्याच्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरला, काकूंचा हात होता. मग म्हणाला, "घरात सगळे मला बाराच सांगतात रे. आई बारा सांगते. डॉक्टर बारा सांगतात. इथे तरी एकदा मला खरा आकडा दे."

काकूंचा हात चमच्यासकट तिथेच थांबला. मग कॅमेऱ्यातून बाजूला गेला.

त्याला काय म्हणायचे होते ते मला नीट कळले नाही. तापात माणूस काहीही बोलतो. पण कुंडलिक, जो कधी गंभीर होत नाही, तो म्हणाला, "टाक रे भावा. उघडा टाक."

दोनदा बटण चुकले. मग लागले.

फासा सगळ्यांच्या पडद्यावर फिरला. चार.

पटाने लगेच भरतूच्या सोंगटीवर तांबडी फुली मारली. त्याला विचारावे लागत नाही. मी नुसता फुलीकडे बघत होतो.

अनिमेष म्हणाला, "छान. आता सांग."

"काय सांगू?"

"काय होतं ते. ते पट सांगणार नाही."

माझ्याकडे कागद नव्हता. भरतू मरेल असे मी काही लिहूनच नेले नव्हते. मी डोळे मिटले. म्हणालो की भरतू पडला, पण काडी त्याच्या हातात होती. ती त्याने पडता पडताच ओढलेली होती. म्हणालो की तेलाला वास होता, त्याच्या बापाच्या होडीतल्या चिमणीला यायचा तसाच. वात आधी धुमसली, मग धरली. जनावर उजेडाला भिऊन पाण्यात गेले. पहिलवान धावत पायऱ्या चढून आला आणि त्याने भरतूचे डोके मांडीवर घेतले, पण काही बोलला नाही, कारण भरतू खिडकीतून बाहेर बघत होता. खाडीत जिथे जिथे बंदर बुडाले होते तिथे पाण्याखाली घरे दिसायला लागली, ओटे, तुळशी, दोरीवर विसरलेले धोतर. भरतूने त्यातले आपले घर ओळखले. त्याने बोट दाखवले. ते बोट खाली आले नाही, फक्त सैल झाले.

आणखीही बोललो. सगळे आठवत नाही. डोळे उघडून मी दीपस्तंभाच्या दिव्याला पटावर असेल तेवढा मोठा उजेड दिला. सगळे धुके एकदम सरले. सगळा नकाशा उघडा पडला, मी मध्ये घातलेली दोन बेटे, पुसलेल्या तिसऱ्याच्या राहिलेल्या रेषा, चौदा खिडक्या, आणि त्यापलीकडचे नुसते कोरे चौकोन, जिथे मी काहीच केलेले नव्हते.

संचिताने माइक बंद केला होता. तिचा चेहरा दिसत होता.

अनिमेष म्हणाला, "वाचलं नाहीस."

"नाही."

"अकरा मिनिटं बोललास. मी घड्याळ लावलेलं. तुझ्यासारखं." मग म्हणाला, "येशील ना एकदा?"

"येत्या रविवारी नक्की. खेळ नसला तरी येतो."

शुक्रवार, ४ एप्रिल

अनिमेष काल पहाटे गेला.

संचिताने सकाळी कळवले. दौलतदादांनी सुट्टी दिली. ठाण्याला गेलो, तोंड बघितले. रविवारला तीन दिवस होते.

काकूंच्या मेहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर तू नीट करून देशील का. त्यात 'दुःखद' बरोबर होते. 'हृदय' चुकले होते. दुरुस्त केले.

आई म्हणाली, "तुला मी सांगितलं होतं जाऊन ये म्हणून." मग म्हणाली, "जाऊ दे. जेव."

रविवार, २० एप्रिल, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

तेराव्यानंतर काकूंनी बोलावले होते. त्याच टेबलाशी बसलो. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. म्हणाल्या, "त्या खेळाचे दर महिन्याला पैसे कापले जातात असा मेल आलाय. मला कळत नाही त्यातलं. बंद करून देतोस का?"

त्यांनी अनिमेषचा लॅपटॉप पुढे ठेवला. पट उघडाच होता. मी पहिल्यांदा तो अनिमेषच्या बाजूने बघितला.

खातेदाराला सगळे दिसते. त्याला 'खेळाडू' करताच येत नाही, तशी ओळच आहे तिथे, बारीक अक्षरात. लपवलेले फासेही दिसतात, तारखेसकट, करड्या रंगात. ९ फेब्रुवारी, ६. २ मार्च, ३. १६ मार्च, १. प्रत्येकाखाली माझा आवाज लिहिलेला नाही, पण मला तो ऐकू आला. बारा. बारा. बारा.

काकू म्हणाल्या, "सापडलं का रे?"

"हो."

"त्याला त्या खेळात बरं वाटायचं. तेवढाच वेळ तो आमच्यावर चिडायचा नाही. आम्ही त्याला खोटं सांगत होतो ना, त्याला कळत होतं. नंतर कळलं मला. त्या दिवशी, पाडव्याला. तुझ्याशी बोलला तेव्हा." त्यांनी माझी थाळी पुढे सरकवली. "तू एकटाच त्याला खरं सांगायचास, म्हणून त्याचा तुझ्यावर इतका जीव."

मी लॅपटॉपची बाजू थोडी माझ्याकडे वळवली, त्यांना दिसू नये म्हणून.

भरतूच्या पानावर सर्वांत खाली हिशेबाची जागा आहे. होडी, शीड, तेल यांचा जमाखर्च तिथे लिहायचा असतो. तो खेळाडूने ठेवायचा, सूत्रधाराने तपासायचा. मी एकदाही तपासला नव्हता. आज तिथून जसाच्या तसा उतरवून घेतला. 'उसना' मधला उ ऱ्हस्व असतो. अनिमेषने तिन्ही वेळा दीर्घ लिहिला आहे. दुरुस्त केला नाही.

खाते बंद केले नाही. काकूंना म्हणालो, पैसे मी भरेन.

भरतू तांडेल, हिशेब
जमा: ६० मोहरा
खर्च: शीड शिवणे १८, दिव्याचे तेल २५, पहिलवानाचा जामीन १२
शिल्लक: ५ मोहरा
देणे:
९ फेब्रुवारी, संदेशकडून ऊसना जीव: १
२ मार्च, संदेशकडून ऊसना जीव: १
१६ मार्च, संदेशकडून ऊसना जीव: १
एकूण: ३
३० मार्च, परत केला: १
बाकी देणे: २